खरी डिस्क कुठली

सोमवार, ४ तारीख

नवी नोकरी, तीही घरापासून चालत जाण्याइतकी जवळ! त्वचारोगाच्या दवाखान्यातला सर्व्हर सांभाळायचा. आईवर इथेच उपचार चालू आहेत, त्यामुळे डॉक्टर ओळखीचे. तिच्या घोट्यावरची जखम आता मसुरीच्या दाण्याएवढी उरलीय. इथे पहिल्या भेटीत पेशंटचे पायापासून चेहऱ्यापर्यंत फोटो काढतात आणि पुढे ते बघूनच औषध ठरतं. ते सगळे फोटो आता माझ्या हवाली.

सर्व्हर मात्र ड्रेसिंगच्या खोलीमागे, वापरलेल्या बँडेजच्या पिशव्यांना खेटून. शी! ड्रेसिंगवाल्या मावशी ज्या फडक्याने टेबल पुसतात त्यानेच सर्व्हरही पुसतात. मी नाक मुरडलं तर म्हणाल्या, फारच नाजूक गं बाई तू.

मंगळवार

डॉक्टरांशी वाजलं. सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत. एकीवर लिहिलं की दुसरीवर तेच उतरतं. ते काम एक कार्ड करतं, म्हणजे हार्डवेअर रेड. डॉक्टरांचा त्या कार्डावर भारी जीव. हिरवा दिवा लागलाय ना, मग कशाला हात लावायचा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, हे कार्ड गेलं तर तसं दुसरं मिळायचं नाही. सॉफ्टवेअर रेड केलं, म्हणजे तेच काम प्रोग्रॅमवर सोपवलं, की डिस्क कुठल्याही मशीनवर वाचता येतात, आत काय चाललंय तेही दिसतं. वेगळा बॅकअप कुठे ठेवता, असं विचारलं तर म्हणाले, दोन डिस्क आहेत की! मी कपाळाला हात लावला. एकीवर बिघडलेलं दुसरीवरही तसंच उतरतं, हे त्यांच्या गावीही नाही.

मग झाकण उघडलं. कार्डाची बॅटरी फुगून फुटलेली. पिवळट, चिकट काहीतरी ओघळून दुसऱ्या डिस्कवर साय धरलेली. वास थेट त्या बँडेजचा. हात धुऊन धुऊन लाल झाले, तरी डबा न उघडताच परत नेला.

बुधवार

दोन्ही डिस्क काढून माझ्या मशीनला लावल्या. कार्ड धडधडीत खोटं बोलत होतं, डिस्क सारख्या नाहीतच. दुसरीवरच्या फोटोंत प्रत्येक पेशंटच्या अंगावर एकच ओली, पिवळ्या कडेची जखम. कुणाच्या पापणीवर, कुणाच्या ओठात, एका तान्ह्या बाळाच्या टाळूवर. मी उलटी केली. आईच्या तर सगळ्याच फोटोंत, चेहऱ्याच्यासुद्धा. पहिली डिस्क अजून बरीचशी स्वच्छ आहे. तिच्यावर आईचा फक्त पाय बिघडलाय, गुडघ्यापर्यंत.

घरी येऊन आईचं बँडेज सोडलं. गुडघ्यापर्यंतच. पट्टीला कातडी चिकटून आली. आई म्हणाली, काही नाही गं, जरा ओलसर वाटतंय.

वेड लागलंय म्हणा मला, पण पहिल्या डिस्कवर आई जेवढी शाबूत, तेवढीच घरी शाबूत आहे. मला तीच डिस्क वाचवायचीय.

गुरुवार, सकाळी

डॉक्टर तयार झाले. त्यांच्या मनगटालाही ओल सुटलीय, म्हणून. धाकट्या बहिणीला आईजवळ बसवून आले. घाईत वेगळा बॅकअप घ्यायलाही थांबले नाही. सॉफ्टवेअर रेड चढवलं, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. मशीनने विचारलं, खरी डिस्क कुठली? जी सांगू ती खरी धरून ते दुसरी पुसणार आणि खरीवरचं तिच्यावर उतरवणार. मी सांगितलं, पहिली. काम सुरू झालं. हायसं वाटलं.

गुरुवार, दुपारी

बहिणीचा फोन. आईच्या मांडीपर्यंत आलंय.

धावत सर्व्हरपाशी येऊन डिस्कवर छापलेले नंबर बघितले. मशीन बंद-चालू केलं की कधीकधी डिस्कची नावं अदलाबदल होतात. हे मला माहीत होतं! नंबर बघून मग सांगायचं, एवढी साधी गोष्ट. आता पहिली म्हणजे ती — सडकी. स्वच्छ फोटोंवर सड मीच लिहितेय —

काम थांबवायला बघतेय, थांबत नाही. किबोर्डच्या फटींतून पिवळं वर येतंय. बटणं बोटांना चिकटून निघतात, तारा — आणि वास, शी, तोंडात गेलाय —

बहीण रडतेय. पोटापर्यंत, म्हणते.

फोटो पायापासून वर, क्रमाने चाललेत. स्वच्छ डिस्क ओढून काढली तर पुढचं वाचेल. झालेलं परत येणार नाही.

छाती —

ओढतेय. गरम आहे, मऊ — डिस्क मऊ कशी — हातातून निसटते —

आईचा चेहरा अजून — निदान चेहरा तरी —