विमल, त्या बांगड्या तूच फोडल्यास

प्रिय विमल,

प्रिय लिहायचं की नुसतं विमल, यात माझा चहा थंड झाला. लिहिलं शेवटी. पण म्हणून हे पत्र गोड असेल असं समजू नकोस.

आज तुझी संगीता पत्रिका घेऊन आली होती. तुझ्या वर्षश्राद्धाला तुझ्या ब्लॉगवरच्या लेखांचं पुस्तक निघतंय. 'न फुटलेल्या बांगड्या' असं त्यातल्या एका लेखाचंच नाव ठेवलंय. पत्रिकेत माझंही नाव आहे, त्या लेखातील मैत्रीण म्हणून. साडी आणि हिरवा चुडा देऊन माझा सत्कार करणार आहेत. चुडा, विमल! तुझ्या पोरीला काय माहीत, पण तुला तर माहीत होतं ना?

तो लेख मला कसा सापडला, आठवतं? आमच्या भजनाच्या ग्रुपवर कुणीतरी पाठवला होता. खाली सगळ्यांनी हात जोडलेले. मी सातवीत शाळा सुटलेली बाई, पण भेळेचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. चष्मा लावून बसले. नवरा गेलेली मैत्रीण, तिच्या बांगड्या फोडायला जमलेल्या बायका आणि मध्ये उभी राहून 'खबरदार!' म्हणणारी शिक्षिका. वाचता वाचता मीच म्हटलं, काय धाडसाची बाई! मग त्या मैत्रिणीच्या मनगटावर लहानपणी गुऱ्हाळात काकवी सांडून भाजल्याचा डाग निघाला. मी माझं मनगट बघितलं. लेखाखाली तुझं नाव.

वीस वर्षं आपण बोललो नव्हतो. एका बाकावरच्या पोरी आपण! पण त्या दिवसानंतर तू मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत फिरकली नाहीस, आणि मीही शाहूपुरीत तुझ्या दारात आले नाही.

त्या दिवशी काय झालं ते इथं लिहून ठेवते, कारण सांगायला आता दोघींतली मीच उरले. बांगड्या फोडायचं काम विधवेनंच करायचं, अशी आमच्यात रीत. तू माझ्या आधी चार वर्षं विधवा झालेलीस. जमलेल्या बाकी बायका भावकीतल्या सवाष्णी, तू एकटीच तशी. माझ्या सासूनं तुला पुढं ढकललं, "मास्तरीणबाई, उरका की!" तू खबरदार म्हणाली नाहीस. तू खाली बसलीस. कमरेचा रुमाल काढून माझ्या मनगटाखाली सरकवलास आणि कानात म्हणालीस, "हात सैल सोड हौसे, काच लागंल." मग दगड उचललास.

तो रुमाल का नाही लिहिलास गं? तेवढाच लिहिला असतास तर मी तुला तिथल्या तिथं माफ केलं असतं. ते सोडून मला कोपऱ्यात मुसमुसणारी बापडी केलंस, आणि स्वतः वाघीण झालीस!

तुझ्या बांगड्या फोडल्या तेव्हा मी आले नव्हते, हेही खरं. भावकीबाहेरच्या घरी सवाष्णीनं असल्या वेळी जायचं नाही म्हणून सासूनं अडवलं, आणि मी मुकाट्यानं भाकरी थापत बसले. चौथ्या दिवशी आले तेव्हा तुझ्याकडं बघवेना. पण ते मी कुणापासून लपवलं नाही. उलटं करून तर कधीच सांगितलं नाही.

लेखाखाली मी लिहिलं, 'मी हौसा. फोन कर.' तासाभरात तुझा फोन. आधी दोघी रडलो. मग मी विचारलं, "विमे, ही वाघीण कुठली?"

मग म्हणालीस, "मला तसं करायचं हुतं गं."

"करायचं हुतं आणि केलं, एकच हाय व्हय?"

"न्हाय."

"मग लिही की तसं."

"लिहितो. शप्पथ."

त्यानंतर दर रविवारी आपण फोनवर बोललो. गणिताच्या बाईंची नक्कल तू अजून तशीच करायचीस. हसून हसून माझ्या पोटात दुखायचं. पण तेवढ्या महिन्यांत तू अंबाड्याच्या भाजीवर लिहिलंस, गुडघेदुखीवर लिहिलंस, शेजारणीच्या मांजरावर दोनदा लिहिलंस! खरं लिहायला तुला सवड झाली नाही. मग एका सकाळी आंघोळीला गेलीस ती गेलीसच. कबूल करून असं कुणी पळतं?

आज हे सगळं मी संगीताला सांगितलं. ती पांढरीफटक पडली.

"मावशी, आई गेली की आता. कशाला उकरताय?"

"ती गेली म्हणून माझ्या बांगड्या जुळल्या व्हय?"

"पुस्तक छापून आलंय. लोक काय म्हणतील तिला?"

"खोटारडी म्हणतील. म्हणू देत की."

ती रडली. मला वाईट वाटलं, पण फार नाही. जाताना म्हणाली, "या तुम्ही, पण स्टेजवर काही बोलू नका. पाया पडते." मी तिला हो म्हटलं नाही.

तू जिवंत असतीस तर दोन महिने अबोला धरला असता आणि एखाद्या रविवारी सोडून दिलं असतं. आता तू माफी मागायची नाहीस, आणि मी न मागता द्यायची नाही.

तेव्हा ऐक. मी येणार. इस्त्रीचं पातळ नेसून पहिल्या रांगेत बसणार. नाव पुकारलं की वर चढणार, चुड्याचं ताट बाजूला सारणार आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून वाचणार. तुझ्या दगडासकट वाचणार आणि माझ्या भाकऱ्यांसकट. माईक बंद केला तरी माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जातो, हे तुला माहीत आहे. कुणी म्हणालं, "बाई, मेलेल्या मैत्रिणीला असं करतात व्हय?" तर सांगेन, तिनं मला जित्तेपणी केलं म्हणून.

वचन देते विमल, एक शब्द गाळणार नाही.

तुझ्यावर अजून रागावलेली,
हौसा