पाहुण्यांची थीम

शनिवार, ३ जुलै १९९९

बुडबुडे! फोल्डर उघडला की बुडबुड्यांचा आवाज येतो! मासिकाबरोबर आलेल्या सीडीत ही थीम होती — 'डीप सी'. मागे निळं पाणी, रिसायकल बिनचा शिंपला झालाय, आणि कॉम्प्युटर अडकला की वाळूच्या घड्याळाच्या जागी कासव पोहतं. नुसतं कासव दिसावं म्हणून मी कायकाय उघडत बसले. आई म्हणाली, "अभ्यास करतेयस की मासे पकडतेयस?"

पप्पांना दाखवलं. खूश झाले, पण लगेच — "माझं ते फिरतं, ते गेलं नाही ना?"

त्यांचं ते म्हणजे स्क्रीनसेव्हर. मीच शिकवलेला. थोडा वेळ कोणी हात लावला नाही की आपण टाईप केलेली अक्षरं स्क्रीनवरून सरकत राहतात. पप्पांनी एका बोटाने टाईप केलेलं — JAI BHIM. रंग गुलाबी! तेव्हा विचारलेलं, "म्हणजे घरात कोणी नसलं तरी हा म्हणत राहणार?" मी म्हटलं, लाईट असेपर्यंत. कसले हसलेले!

थीमबरोबर ते गेलेलंच. परत लावून दिलं. आता समुद्र माझा, अक्षरं त्यांची.

सोमवार, ५ जुलै

कॉलेजमध्ये कासवाचं सांगितलं तर हेमांगी मागेच लागली — "प्रिया, मला बघायचंय यार!" बुधवारी येतेय. मोरवा गावाहून, म्हणजे स्टेशनपलीकडच्या वेस्टवरून, खास माझी थीम बघायला!

कॉलेजमध्ये मी प्रिया. संघप्रिया फक्त हजेरीला.

बुधवार, ७ जुलै

हेमांगी यायच्या आधी मी पप्पांचं JAI BHIM काढलं आणि सीडीतला माशांचा स्क्रीनसेव्हर लावला. थीम पूर्ण दिसावी म्हणून.

खोटं. इथे तरी खोटं नको लिहायला. तिने ते वाचू नये म्हणून काढलं.

ती आली, कासव बघून ओरडली, सगळं मस्त चाललेलं. मध्येच आमच्या फोनवरून तिने घरी फोन लावला. "न्हाय गं आये, उशिरा येतंय!" घरच्या बोलीत, केवढ्याने! आवाज जरा पण खाली नाही. फोन ठेवला आणि परत इंग्लिश सुरू.

मग पप्पा आले. रोजच्यासारखं दारातूनच, चप्पल काढायच्या आधी — "जय भीम, संघप्रिया!" रोज मी असेन तिथून ओरडते, जय भीम पप्पा! आज मी म्हटलं —

"हाय पप्पा."

हाय!!

एक चप्पल पायात तशीच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हेमांगीकडे. तिला "नमस्कार" म्हणाले. स्क्रीनवर मासे फिरत होते. ते जरा बघत उभे राहिले. "छान आहेत," म्हणाले आणि पेपर घेतला.

जेवताना विचारतात, "ही सगळी सेटिंग नाव देऊन ठेवता येते का गं? परत परत जुळवायला नको." मला वाटलं विषय संपला! लगेच उठून शिकवलं — इथे सेव्ह ॲज, इथे नाव टाका. मीच शिकवलं.

गुरुवार, ८ जुलै

हेच सगळं इंग्लिशमध्ये लिहून बघितलं. इंग्लिशमध्ये मी एवढी वाईट वाटत नाही. फाडून टाकलं.

रविवार, ११ जुलै

पप्पांनी हाक मारून दाखवलं. दोन थीम सेव्ह केल्यात, नावं पण एका बोटाने टाईप केलेली. GHAR आणि PAHUNE. GHAR मध्ये त्यांची गुलाबी अक्षरं, PAHUNE मध्ये माझे मासे.

"कोणी येणार असलं की सांग. दोन क्लिकमध्ये होतं. तुझी धावपळ नको."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर भांडले तरी असते. टोमणा आईने मारला, पोळ्या लाटता लाटता — "कॉम्प्युटरचं झालं, दारावरच्या पाटीचं काय करायचं? ती पण बदला की बटण दाबून!"

"गप गं," पप्पा म्हणाले. "पोरीला मैत्रिणीत राहायचंय."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

मंगळवार, १३ जुलै

कँटीनमध्ये हेमांगी म्हणाली, "तुमचं भांडण होतं का गं त्या दिवशी? पप्पा दारातून जय भीम म्हणाले, तू उत्तरच नाही दिलंस! आमच्या घरी आजोबांना असं केलं असतं ना, जेवण बंद!"

म्हणजे तिने ऐकलेलं. आणि तिला फक्त उत्तर न दिल्याचं खटकलं.

मी काय म्हटलं? "ऐकू नाही आलं मला." अजून एक खोटं!

शुक्रवार, १६ जुलै

जिना चढताना पक्कं ठरवलेलं — आज दारातून मीच आधी म्हणणार, जोरात. पप्पांची सुट्टी होती, दार उघडंच. मी तोंड उघडलं आणि समोर स्क्रीनवर मासे.

"पप्पा... आज कोणी येणार नाहीये."

त्यांनी पेपरमधून मान वर केली.

"तू येणार होतीस ना."