विमानांचे डोळे

मिरकरवाडा, रत्नागिरी
२६ जुलै १९८७

प्रिय राही,

आधी आली ती शेजारची हौसा. छत्री न मिटताच पडवीत घुसली आणि म्हणते कशी, मावशी, उठा, तुमच्याकडे मिलिटरी आलीय! मी कुळीथ निवडत बसले होते. म्हटलं, मिलिटरी कशाला येईल गो, नेण्यासारखं काय आहे आमच्याकडे, सुकटीचा डबा? तेवढ्यात तिच्यामागून झाडगावच्या मास्तरांची सावित्री आली. तिच्या लग्नात तू माझ्या मांडीवर झोपली होतीस, तुला कुठलं आठवायला. तिचा नवरा हवाई दलात मोठा साहेब आहे. चांगला उंच, मिशीवाला. दाराशी बूट काढायला लागला तर चिखलाने एक निघेचना, शेवटी हौसाने धरून ओढला. बूट हिच्या हातात आणि ही पाण्याच्या पिंपावर. साहेब इतका हसला की माझी भीतीच गेली. सावित्री जाडी झालीय, पण बोलणं अजून तसंच, भरभर.

तुझ्या आईने चहा टाकला. साहेब म्हणाला, आजी, सासऱ्यांनी सांगितलं की बंदरात एका होडीवर नऊ विमानं काढलेली आहेत, ती बघायला आलोय. आता सांग, माझं काय झालं असेल? तू दोन्ही पत्रांत विचारलंस, आजी, माझी विमानं बाबांनी खरवडली का? आणि मी तुला लोणच्याचं लिहिलं, सोनूबाईच्या म्हशीचं लिहिलं. विचारलेलं सोडून सगळं. खरं सांगते बाय, मलाच माहीत नव्हतं. तू गेल्या श्रावणात राजापूरचं स्थळ नको म्हणून मुंबईला चित्रं शिकायला गेलीस, त्या दिवशी तुझा बापूस म्हणाला होता ना, होडी वर ओढली की पहिलं ते खरवडून टाकतो. तेव्हापासून त्याच्या तोंडात तुझं नाव नाही. बोलायचंच झालं तर "ती". यंदा होडी वर ओढली, माडाच्या झापांनी शाकारली, आणि जेवण झालं की हा त्या झापांच्या आत. दुपारभर खरवडल्याचा आवाज. मी पडवीत बसून ऐकायची. आत डोकावायचा धीर झाला नाही. डोकावले असते आणि चित्र नसतं, तर तुला काय लिहिलं असतं?

तू मामाकडून आलीस ते दिवस मला आठवत होते. मुंबईच्या समुद्रावर ती नऊ निळी विमानं एकत्र उडताना बघून आलीस आणि आठ दिवस तुला दुसरं काही सुचलं नाही. भाकरीच्या पिठात विमान, अंगणातल्या रांगोळीत विमान. मग हाच बापूस बाजारातून निळा ऑइलपेंट घेऊन आला. तू होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेजवळ बसून काढायचीस आणि हा डबा धरून उभा. बंदरातले हसायचे, काशीराम, होडीत आता पेट्रोल विमानाचं घालणार काय? हा म्हणायचा, तुमच्या होड्यांवर वाघ आहेत ते मासे धरतात काय?

असो. साहेबाने विचारल्यावर तुझा बापूस म्हणाला, होडी झाकलेली आहे, पावसात उघडत नाही. पण सावित्री कसली ऐकतेय! दादा, एक झाप बाजूला केलात तर होडी काय विरघळेल? असं म्हणून निघालीच ती. मागून साहेब, मागून हौसा, आणि मी गुडघे धरत शेवटी. तुझ्या बापसाने झाप उचलला तेव्हा मी दुसरीकडे बघत होते. हौसा म्हणाली, आगो बाई!

राही, नऊच्या नऊ आहेत. खरवडला होता तो होडीचा जुना रंग. विमानांच्या कडेकडेने इतकं जपून, की धुराची एक रेघ मोडली नाही. वरून निळ्याचा नवा हात. आणि गो, प्रत्येक विमानाला डोळा काढलाय! पांढरा, मधे काळं बुबुळ, आपण होडीला काढतो तस्सा.

साहेब आधी हसला. मग म्हणाला, मी दोन वर्षं अशाच नऊ विमानांत उडालोय, हंटर म्हणतात त्यांना, डोळे नसतात त्यांना. तुझा बापूस खाली बघत म्हणाला, ते मी काढले. आमच्यात डोळ्याशिवाय पाण्यात काही सोडत नाहीत. साहेब मग जवळ जाऊन वाकून बघायला लागला. पुढच्या विमानाचा डोळा समोर, बाकी आठांचे शेजारच्याकडे वळलेले. असे का, म्हणून विचारलं. बापूस म्हणाला, वाऱ्यातून होड्या बंदरात शिरतात तेव्हा वाट पुढचा बघतो. मागच्यांनी शेजारच्यावर नजर ठेवायची, म्हणजे कोण चुकत नाही.

साहेबाने एकेका डोळ्यावरून बोट फिरवलं. मग हळू म्हणाला, आम्हालाही हेच शिकवतात. पुढे बघायचं नाही, शेजारच्याच्या पंखावरची नजर काढायची नाही. त्यांच्या जेवायच्या मोठ्या खोलीत विमानांची चित्रं आहेत म्हणे, मोठमोठ्या लोकांनी काढलेली, खिळे मोजून घ्यावेत अशी. पण दोन विमानांमधली जागा कोणाला अशी धरता आली नाही, म्हणाला. तिथल्या भिंतीसाठी त्याला असंच मोठं चित्र हवंय. विचारलं, काढलंय कोणी?

मी तोंड उघडणार, तर तुझा बापूस बोलला. राहीने. माझी मुलगी. मुंबईला चित्रकला शिकते. अकरा महिन्यांनी नाव घेतलं गो त्याने, आणि तेही परक्यासमोर, छाती काढून. साहेब म्हणाला, तिला भेटायचं होतं. तर हा म्हणतो, नारळी पुनवेला होडी पाण्यात जाईल, तेव्हा असेल ती इथे. मला विचारलं नाही, तुझ्या आईला विचारलं नाही, सरळ शब्द देऊन मोकळा!

ती माणसं गेल्यावर तो पडवीत माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, आये, ती येईल काय गो? मी म्हटलं, तूच लिही. तर म्हणतो, मला नाही जमायचं, तू लिही, पण मी सांगितलं म्हणून लिहू नको. म्हणून आज, कोणाकडून लिहून न घेता, माझ्या दुसरी शिकलेल्या हाताने लिहितेय, अक्षरं लावून वाच. आणि त्याने सांगितलं म्हणूनच लिहितेय, हेही मुद्दाम लिहिलं. रात्रीची एस.टी. मिळते, सुट्टी मागून घे. साहेब आणि सावित्री यायचे आहेत नारळी पुनवेला, रविवारी, नऊ तारखेला, सकाळी.

तुझीच, वाटेकडे डोळे लावून बसलेली,
भागूआजी