विहिरीवरचं इंजिन केडगावला निघालं

मु. पो. तुमची सासुरवाडी,
ता. नेवासे, फेब्रुवारी १९७३

तीर्थस्वरूप श्रीमंतदाजी यांच्या पायांशी धाकटा मेहुणा गोरक्ष याचा दंडवत. तुमची तब्येत, मनकर्णाताईची तब्येत आणि तुमच्या मातोश्रींचा राग, तिन्ही कसे आहेत ते कळवावे. (पहिल्या दोन सुधारलेल्या आणि तिसरा उतरलेला असावा, ही सदिच्छा.) इकडे विहीर सोडून सगळे बरे आहेत.

मातोश्रींचा निरोप पोचला होता. पहिलं बाळंतपण माहेरी हे त्यांना कबूल, पण सून एसटीच्या गर्दीत जाणार नाही. माहेरची गाडी दाराशी लागेल तेव्हाच ती केडगावचा उंबरा ओलांडेल, तेही सातवा महिना सरायच्या आत. आता दुष्काळामुळं बैलं गेली चारा-छावणीत, म्हणजे गाडी रिकामी. विहीर कोरडी ठाक, म्हणजे तिच्यावरचं दहा हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिनही रिकामं. दोन रिकामटेकडे एकमेकांना जोडून द्यावेत, हा विचार ज्याच्या डोक्यात आला तो मीच. घरात आता हे सगळ्यांना माहीत आहे आणि रोज सकाळी मला नव्यानं सांगितलं जातं.

हाताशी घेतला कानिफनाथ फिटरला. हा माणूस शिलाई मशीनपासून पिठाच्या गिरणीपर्यंत काहीही खोलतो. (जोडतो असं मी म्हटलेलं नाही.) त्यानं भंगारातून एका जुन्या जीपचा सांगाडा आणला, चाकं, स्टेअरिंग, गिअर सगळं असलेला. त्यावर आपल्या बैलगाडीचा चाकांवरचा साटा काढून ठेवला आणि साट्यात इंजिन. आमच्या दादांनी मला, पोटच्या पोराला, एकच अट घातली, विहिरीला पाझर फुटला की इंजिन जिथल्या तिथं गेलं पाहिजे, त्याला कुठं तोडजोड करायची नाही. ते इंजिन त्यांनी स्वतःच्या हातानं बसवलं होतं, आणि आम्ही ते उचलताना दादा मळ्यात थांबलेसुद्धा नाहीत.

हँडल मारलं आणि कित्येक महिन्यांनी इंजिन बोललं. काय सांगू दाजी, अंगावर काटा आला! पण तो आवाज वस्तीभर गेला, आणि बघता बघता सगळ्या बायका हंडे-कळश्या घेऊन धावत आल्या. इंजिन वाजतंय म्हणजे विहिरीला पाणी आलं, एवढंच त्यांना ठाऊक. आल्या आणि बघतात तर इंजिन बैलगाडीत बसलेलं, आणि ते गार राहावं म्हणून कानिफनाथ पिंपातलं पाणी त्याला पाजतोय. चांगुणाबाई तर कंबरेवर हात ठेवून उभीच राहिली. "मान्साला प्यायला न्हाई, अन् ह्या रेड्याला आंगुळ!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिंपात उरलेलं पाणी वाटून टाकलं आणि इंजिनाला आडाचं खारट पाणी पाजलं. तेही ते मुकाट्यानं प्यालं.

मग गाडी चालवून बघितली. कानिफनाथनं पहिला गिअर टाकला, गाडी मागे गेली. दुसरा टाकला, आणखी जोरात मागे गेली. तिसऱ्याला गोठ्याची भिंत आडवी आली. इंजिन उलट्या अंगाला बसलं होतं हो! पुढं न्यायचे तिन्ही गिअर मागं नेतात आणि मागं न्यायचा एकुलता एक गिअर पुढं नेतो, तोही असा की बाजूनं चालणारी कोंबडी पुढं निघून जाते. फिरवून बसवावं तर साटा कापावा लागतो, वरून दादांची अट. पण कानिफनाथ डगमगला नाही. "गाडीला कुटं कळतंय तिचं त्वांड कुटं हाय? केडगाव आलं म्हंजे झालं," म्हणाला.

तेव्हा ठरलं की मागं मागंच केडगावला जायचं. कानिफनाथ मान वळवून स्टेअरिंग धरणार, मी साट्याच्या मागच्या कडेला बसून डावं-उजवं ओरडणार, आणि आई मधे, ताईसाठी केलेले डिंकाचे लाडू मांडीवर घेऊन. नवी गाडी म्हणून आधी शिंगणापूरला नारळ फोडला. इथवर शनिमहाराजांनी सांभाळलं. पुढचं आईनं बिघडवलं. दर्शन घेऊन निघालं की मागं वळून बघायचं नाही, हे तिचं ठाम मत, आणि निदान गावाची शीव ओलांडेपर्यंत तरी ती कुणाला बघू देईना. कानिफनाथला तिनं लाडू उगारून समोर बघायला लावलं. मी तर बसलेलोच मागं तोंड करून, म्हणून माझ्या डोळ्यांवर पदर टाकला. अशा रीतीनं कुणीही मागं न बघता आम्ही भरधाव मागं निघालो.

वाटेत आक्काबाईचं घर, पुढच्या सोप्यात तेलाचं दुकान. दाजी, इतर कुठल्याही गावात आम्ही दारावर आपटून थांबलो असतो. शिंगणापूरच्या घरांना दारंच नाहीत, त्यामुळे सरळ आत गेलो. शनीला वाहायचं तेल माझ्या डोक्यावर वाहिलं गेलं. कुणाला खरचटलंही नाही, लाडूही शाबूत. आक्काबाई चुलीपुढं बसली होती ती उठलीसुद्धा नाही. "दर्शन तिकडं हाय," एवढंच म्हणाली.

गाडी अजून तिथंच, अर्धी घरात, अर्धी रस्त्यावर. शिंगणापुरात चोरी होत नाही म्हणतात. मी रोज आशेनं चौकशी करून येतो.

मातोश्रींना शि. सा. नमस्कार.

आपला तेलकट मेहुणा,
गोरक्ष

ता. क. मातोश्रींना एवढंच सांगावं की माहेरची गाडी निघाली आहे. त्यात खोटं काही नाही. मग त्या कीर्तनाला गेल्या की ताईला घेऊन तुम्हीच एसटीनं घोडेगावच्या फाट्यावर उतरावं. वळकटी मी डोक्यावर घेईन, ताईसाठी फाट्यापासून घरापुरती कुणाची तरी बैलगाडी मागून आणीन. सातवा सरत आलाय दाजी, पाया पडतो.

ता. क. दुसरा. वरची गाडीची हकिकत जुनी झाली. काल दादांनी चार माणसं नेऊन इंजिन उतरवून आणलं आणि पुन्हा विहिरीवर बसवलं. घटकाभर चालवून बघितलं. या खेपेला एकही बाई हंडा घेऊन आली नाही. दादांनी इंजिन बंद केलं आणि घरी येऊन मला म्हणाले, "केडगावला लिव्ह. बैलं न्हाईत, इंजिन गप. घरात कायतरी वरडाया पायजे. नातवंड तरी वरडू दे."