झेंड्याच्या दिवशी मारलेलं कार्ड

बोरिवली,
रविवार, १९ ऑगस्ट १९८४

आदरणीय चंपाआक्कांना सुंदराचा जयभीम.

गुडघा कसा आहे? चेंबूरच्या डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलं होतं आणि तुम्ही राहता तिसऱ्या मजल्यावर, तेव्हा एक तर डॉक्टर बदला नाहीतर घर. मी बरी आहे. जेवते, कंगव्यांच्या कारखान्यात जाते, संध्याकाळी पेपर वाचते. (अजून मोठ्यानेच वाचते. ऐकणारं माणूस समोर नाही, हे दुसऱ्या पानावर ध्यानात येतं.)

आक्का, दोन वर्षांपूर्वी तुम्ही भावाच्या पहिल्या पुण्यतिथीला हुलग्याच्या माडग्याचा डबा घेऊन आलात, दाराला कुलूप बघितलंत, डबा उंबऱ्यावर ठेवलात आणि गेलात. तेव्हापासून तुमचं पत्र नाही. त्या दिवशी मी कामावर होते. कारखान्याच्या फळ्यावर सुट्ट्यांची यादी असते, तिच्यात सव्वीस जानेवारी आहे, एक मे आहे, गांधीजयंती आहे, पण तुमचा कुंडलिक नाही. त्या वेळी तेवढं सांगायलाही मला सुचलं नाही.

आता यंदाची गंमत ऐका. पंधरा ऑगस्टची सुट्टी भरपगारी असते. पण शेठना झेंड्याला गर्दी हवी होती, म्हणून आमचे टाइमकीपर भाऊराव सांगत सुटले की सकाळी आठला यायचंच, न येणारीचा त्या दिवसाचा पगार कापू. आम्ही बेचाळीस बाया गेलो. गोराईची पार्वती तर पहिली होडी पकडून, डोक्यात अबोलीचा गजरा माळून आली. आता बारा-बारा वर्षं ज्या फाटकातून आत शिरताना हजेरीचं कार्ड घड्याळात घालायचं, तिथे हात थांबतो होय? एकीने कार्ड मारलं, तशी मागच्या एकेचाळीस जणींनी मारलं. मग झेंडा झाला (गाठ सुटेना म्हणून वॉचमन टेबलावर चढला, टेबल डुगडुगलं, फुलं झेंड्याऐवजी शेठच्या टकलावर पडली), पेढा खाल्ला आणि जाताना पुन्हा रांगेने कार्डं मारून घरी आलो. कुणाच्या मनात काही नव्हतं. माझ्याही नव्हतं, शपथ.

दुसऱ्या दिवशी भाऊराव फाटकात उभे, हातात कार्डांचा गठ्ठा. "अगं बायांनो, झेंड्याला आलात का कामाला?"

पार्वती म्हणाली, "न आल्यास पगार कापणार होतास ना तू? मग कामच की ते! होडीत बसून हवा खायला आले काय रे?"

भाऊराव लाल पेन काढून कार्डांवर काट मारायला लागले. तेव्हा मी फळ्यासमोर उभी राहिले आणि सवयीने मोठ्याने वाचलं: सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावल्यास दुप्पट पगार किंवा बदली सुट्टी. मग विचारलं, "खाली सही कुणाची, भाऊराव?" त्यांचीच होती. पेन खिशात गेलं. शेठ केबिनमधून सगळं ऐकत होते. दुप्पट पगार म्हटल्यावर त्यांना घाम फुटला, आणि बदली सुट्टी मंजूर झाली, भरपगारी, ज्या तारखेला हवी त्या तारखेला.

सगळ्या जणी गणपती सांगत होत्या. मी तेवीस सप्टेंबर सांगितली. भाऊराव म्हणाले, "त्या दिवशी कुठला सण?" म्हटलं, "सण नाही, आमचं माणूस आहे." त्यांनी मान खाली घालून लिहून घेतलं. तुमच्या भावाची तारीख आता कारखान्याच्या वहीत शाईने आहे, आक्का.

तुमची वहिनी,
सुंदरा

ता. क. – तुमचा डबा घासून फळीवर ठेवलाय. तो पोस्टाने पाठवता येत नाही, तेव्हा तेवीस तारखेला न्यायला या. रिकामा न्यायचा, म्हणून भरलेला दुसरा आणा. माडगं मला अजून तुमच्यासारखं जमत नाही.

आणखी ता. क. – पत्र चिकटवणार तोच कॅलेंडर बघितलं. तेवीसला रविवार आहे. एवढं भांडून मी सुट्टीच्या दिवशी सुट्टी मागितली, लिहिणाऱ्या भाऊरावांनाही कळलं नाही! उद्या जाऊन चोवीस करून घेते. तेव्हा रविवारी येऊन लगेच निघायचं नाही. रात्री राहायचं, सोमवारीही दार उघडंच आहे. आणि आमचं घर तळमजल्यावर आहे, गुडघ्याचं निमित्त चालणार नाही.