टिपूसही न गळणारा गार्ड

६ नोव्हें., नायगाव
जीपचं ऑईल चेंबर फुटलं. मुखेडच्या पुढं, डोंगरात. जायचं होतं टावरकडचा रस्ता बघून यायला, पण गुराख्यानं सांगितलं पलीकडं जुनी बारव हाय, म्हणून वळलो. गवतातल्या दगडानं खालून घेतली. सगळं ऑईल मातीत. बारव पण सापडली नाही.
ट्रॅक्टरनं ओढून आणली. ट्रॅक्टरवाला रस्ताभर मागं वळून वळून हसून राहिला. त्याच्या ट्रॅक्टरचं पोट जमिनीपासून दोन हात वर. त्याला हसायला काय जातं.
दादा दुकानातून उठून आला. खत-बियाणं विकून विकून त्याचं बोलणंही पावतीसारखं झालंय. म्हणे, "बाल्या, मंडपवाला जीप मागून राहिला. २५ तारखेला गुत्तेदाराच्या तिन्ही टावरला चढून धड खाली आलास तर जीप तुझ्याकडं ऱ्हाईल. न्हाई तर तिला देऊन टाकू, तू दुकानात बस."
मोबाईल टावरचा ठेका घेतलेल्या गुत्तेदाराला डोंगरात माणसं न्यायला फोरव्हील गाडी पाहिजे, वर्षभर. २५ ला बघणार. दुकानात बसायचं म्हणजे दिवसभर युरिया हाय का, युरिया न्हाई. त्यापेक्षा मंडपवाल्याचे बांबू वाहीन.

७ नोव्हें.
चेंबरला वेल्डिंग मारलं. मिस्त्री म्हणाला, खालून गार्ड टाक, परत तोंड दाखवू नको. गार्ड म्हणजे इंजिनाच्या पोटाखाली पत्रा, एवढंच. पण कसला? लोखंड, अल्युमिनियम, फायबर? किती जाड?
मोबाईलवर बघत बसलो. एक जण गार्डवर घण मारून दाखवतो. दुसरा म्हणतो घण मारणारा येडा हाय. तिसऱ्यापर्यंत गेलो, मग कुठून कुठं गेलो माहीत नाही, संध्याकाळी साप कात कशी टाकतो ते बघत होतो.

८ नोव्हें., लातूर
एस्टीनं गेलो. गाडी सजवायचं मोठं दुकान, काचेचं. आत शिरल्याबरोबर "सर". मला आयुष्यात कोणी सर म्हणालं की मी खिसा धरतो.
तीन गार्ड टेबलावर मांडलेले, खाली मखमल. मखमल! जे चिखलात घासायचं ते मखमलीवर.
विचारलं, किती एमेम? म्हणे, "सर, इंपोर्टेड फिनिश आहे." म्हटलं जाडी सांगा. म्हणे, "सर, लुक बघा ना." गाडीच्या पोटाचा लुक कोण बघतो बाबा. म्हैस उताणी करून विकता का?
आणि सगळ्यांना भोकं. चाळणीसारखी. लांबट, गोल, मागं तर सरळ खिडकीच. विचारलं ही कशाला? तो म्हणे डिझाईन. म्हणजे त्यालाही माहीत नाही. पत्रा घ्यायचा आणि निम्मी जागा मोकळी. फायबरचा वाजवून बघितला, बादलीसारखा वाजला.
तिथंच लातूरच्या जीप क्लबचे दोघं आले. पांढरे बूट. एकानं मोबाईल गाडीखाली सरकवून गार्डाचा फोटो काढला, दुसरा म्हणाला "किलर". ओरखडा एक नव्हता. त्यांची डोंगरवाट म्हणजे ढाब्याचं अंगण असावं.
निघालो. गोलाईच्या बाजारात एक म्हातारा तराजू दुरुस्त करत होता, त्याच्यापाशी दोन तास गेले. तराजूची दांडी तो केसानं तपासतो. परतीची एस्टी हुकली.

१० नोव्हें., देगलूर
रऊफचाचाकडं. पाण्याचे टँकर बनवतात, चाळीस वर्षं झाली. ह्या भागात उन्हाळ्यात जेवढे टँकर फिरतात त्यातले निम्मे त्यांच्या हातचे. अल्युमिनियमचं नाव काढलं तर म्हणाले, "देगची बिठाते क्या गाडीको? बिर्याणी पकानी है?" बरं वाटलं. पहिला शहाणा माणूस भेटला.
पाच एमेमचं लोखंड ठरलं. मी म्हटलं, चाचा, एक पण भोक नको. लातूरवाल्यांसारखी चाळणी नको. दगड सोडा, चिखलाचा थेंब आत जायला नाही पाहिजे. चारी बाजूनी काठ वर घ्या, चार बोटं.
चाचा खूश. "भोक? अपने हाथसे निकला हुआ माल टपका, तो ये मशीन बेच दूँगा."
दुपारपर्यंत गार्ड तयार. टँकरवाल्याची सवय बघा, त्यांनी तो चार विटांवर ठेवला आणि नळी लावून काठोकाठ पाण्यानं भरला. मग चहा मागवला. आम्ही दोघं स्टुलावर बसून गार्डाखालची कोरडी फरशी बघत चहा प्यालो. एक टिपूस नाही. चाचांनी मला खाली वाकवून बोट फिरवायला लावलं. कोरडं ठणठणीत.
"कैसा है?"
"एक नंबर, चाचा."
बोल्ट चौदा, तेही त्यांनीच आवळले. लातूरचे पांढरे बूटवाले इथं असायला पाहिजे होते.

१२ नोव्हें.
सकाळी आई सडा टाकायला उठली ती सरळ माझ्या खाटेपाशी. "बालाजी, आज डाग न्हाई रे."
जीप घेतल्यापासून रोज अंगणात ताटलीएवढा काळा डाग पडतो, आणि रोज आई त्यावर राख टाकत माझा उद्धार करते. आज अंगण स्वच्छ. आईनं जीपला हात लावून बघितला, गाय बरी झाल्यासारखा.
दादाला ऐकू जाईल असं म्हटलं, "गार्ड बसवला न. आता गळायची पण हिंमत न्हाई तिची." दादा दात घासत राहिला. त्याला कौतुक करायला तोंड नाही, ब्रश आहे.

१५ नोव्हें.
खदानीत चढवली. दगडावर दोनदा आदळली, दण्णकन. खाली वाकून बघितलं, नुसता ओरखडा. चेंबरला काय होतंय, पाच एमेम आहे. येताना काळ्या रानातून आणली, सोयाबीनच्या भुश्यातून, पावसाच्या चिखलातून, कुठंच अडली नाही. हे लातूरवाले आयुष्यभर भोकं पॉलिश करत बसणार.

१८ नोव्हें.
करपल्याचा वास येतो, चढावर जास्त. दादाच्या दुकानातल्या औषधांचा असेल, मागं पोती होती त्याची.

१९ नोव्हें.
ऑईलची काडी काढली. काडीच्या टोकाला नुसतं ओलं. बारा दिवसांपूर्वी, वेल्डिंगनंतर भरलेलं. गेलं कुठं? खाली थेंब नाही. अंगण कोरडं, दुकानापुढं कोरडं, सगळीकडं वाकून बघितलं.
न गळता ऑईल जातं म्हणजे कोणीतरी काढतो. कोणाला जीप बंद पडायला पाहिजे? मी जेवताना आईसमोरच बोललो. "सरळ मंडपवाल्याला देऊन टाकायची ना. चोरून ऑईल कशाला काढतो?"
दादा घास तोंडात तसाच धरून बघत राहिला. आई म्हणाली, "बाल्या, जीभ आवर." दादानं ताटावर ताट पालथं घातलं, दुकानात गेला. चोराला उत्तर असतं कुठं, असं मी तेव्हा मनात म्हटलं. ते इथं लिहून ठेवतो.

२० नोव्हें.
गार्ड काढला. नवीन ऑईल भरण्याआधी खालचं एकदा बघावं म्हणून. तेरा बोल्ट निघाले, चौदावा फिरेना. दुपारी दादा जेवायला आला होता, पांढऱ्या शर्टवर माझ्या शेजारी खाली सरकला आणि गार्ड दोन्ही हातांनी तोलून धरला. बोल्ट सुटला. गार्ड एका बाजूनं कलंडला आणि सगळं त्याच्या छातीवर.
ऑईल. सगळं. दहा दिवसांचं, चिखल आणि सोयाबीनच्या भुश्यासकट, गार्डातच साचून. चाचांचं पाणी जसं राहिलं होतं तसंच, टिपूस न सांडता. भुसा सायलेन्सरच्या बाजूनं काळा करपलेला. अजून दोन दिवसांनी पेटलाच असता. चेंबरच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर. खदानीतली असेल.
म्हणजे गळत होतंच. मीच लपवून ठेवलं होतं, पाच एमेममध्ये.
दादा उठला. शर्टकडं बघितलं. म्हणाला, "आंघोळीला पाणी तापव म्हणा आईला." बस. एवढंच. शिवी दिली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

२२ नोव्हें., देगलूर
चेंबर परत वेल्डिंग. गार्ड घेऊन चाचाकडं. सांगितलं, भोकं पाडायची. चाचांनी चष्मा वर केला. "टपक रहा क्या?"
"टपकत न्हाई, चाचा. तेच तर झालं."
सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग मान हलवली. "मेरे हाथसे नहीं होता, बेटा. ड्रिल वहाँ है." आणि पाठ करून एका टँकरच्या नळाशी खटपट करत बसले.
मीच पाडली. ऑईल सोडायच्या बोल्टखाली मोठं, मुठीएवढं. मागचा काठ पूर्ण कापला, चिखल-भुसा निघून जायला. मधे लांबट, सहा. कापता कापता कळत गेलं प्रत्येक कशाला ते. झाल्यावर लांबून बघितलं. हुबेहूब लातूरचा. फक्त मखमल नाही. त्या दुकानदाराला काही कळत नव्हतं हे अजूनही माझं मत आहे. पण ज्यानं पहिल्यांदा भोकं पाडली त्याला कळत होतं, आणि त्याचंही चेंबर कधीतरी फुटलेलं असणार.
चाचांनी निघताना विचारलं नाही, पाणी भरून बघू का.

२४ नोव्हें.
दादाला सांगायचं होतं, चुकलं म्हणून. दुकानात गिऱ्हाईक. मग बाजारात एक पोपट चिठ्ठ्या काढत होता तिथं थांबलो. मग दादा झोपला होता.

२५ नोव्हें.
आरसी दादाच्या नावावर, म्हणून गुत्तेदारानं त्याला पण बोलावलं होतं. गुत्तेदाराचा माणूस मागं टावरच्या बॅटऱ्या धरून, तो एकटाच बडबडत. "जीप जुनी दिसून राहिली." तुझं तोंड तरी कुठं नवीन आहे, म्हणालो नाही.
पहिले दोन टावर झाले. थांबून खाली वाकलो दोन्ही वेळा. ऑईल जागच्या जागी.
तिसऱ्याच्या वाटेवर दगडाची पायरी, गुडघाभर. एकट्यानं होण्यातली नव्हती. कोणीतरी पुढं पालथं पडून खालून बघत चाकं सांगायला पाहिजे, आणि खाली काय कुठं लोंबतं ते मलाच माहीत. मग चालवणार कोण? गुत्तेदाराचा माणूस बॅटऱ्या सोडेना. दादानं जीप चढाच्या लो गिअरमध्ये कधी घातलेली नाही. मी दार उघडून उतरलो. तो सरकून स्टेअरिंगवर आला, चष्मा पुसला.
"सांग. जसं सांगशील तसं घेतो."
मी खडीवर पालथा. उजवं. अजून उजवं. थांब. आता सोड. गार्ड दगडावर चढला आणि पुढून मागपर्यंत घासत गेला, त्या आवाजानं माझे दात शिवशिवले. दादा थांबला नाही. मी सांगितलं नव्हतं थांब म्हणून.
वर गेला. उतरताना पण त्यानंच घेतली, मी पुढं पालथा. खाली येऊन बघितलं, गार्डाला बोटभर रुंद खोबण, चेंबर कोरडं. गुत्तेदाराचा माणूस म्हणाला, साहेबांना विचारून सोमवारी कळवतो. म्हणजे काय ते त्यालाच माहीत.
मी दरवाज्यापाशी उभा राहिलो, तर दादा उठेना. नायगावपर्यंत त्यानंच चालवली, वाकडीतिकडी, सपाट रस्त्यावर पण लो गिअर काढायचा विसरून. मी त्याला ऑईलचं म्हणायला गेलो, "दादा, ते त्या दिवशी," तर तो म्हणाला, "पुढं खड्डा हाय का बघ."
घरी आल्यावर चावी खिशात घालून दुकानात गेला. मंडपवाल्यासाठी ठेवली की काय, कळत नाही. मी मागितली नाही अजून.