नऊ पावलं डावीकडे

३ जानेवारी, सकाळ
नवी वही. संकल्प एकच: लेकीच्या खेळात तोंड घालायचं नाही. ती कॉलेजच्या गोल्फ टीममध्ये, मी गोल्फच्या मैदानावर माळी. गवत माझं, खेळ तिचा. देवापुढे तसा शब्द दिला.

३ जानेवारी, संध्याकाळ
हॉस्टेलवर फोन केला. मनगट कसं ठेवायचं ते लेकीला अर्धा तास सांगितलं. याला तोंड घालणं म्हणत नाहीत. ही विचारपूस.

१९ जानेवारी
लेकीचा संख्याशास्त्राचा पेपर राहिला. म्हणाली, बाबा, सरावापायी निम्मे तास बुडाले. मी म्हटलं, अगं, परीक्षा काय, पुन्हा येते. हाताला लागलेली लय पुन्हा येत नाही. तिने बरं म्हणून फोन ठेवला. मुद्दा पटला असणार.
फोन ठेवल्यावर ही म्हणाली, तुम्ही जन्मात एक तरी बॉल मारलाय का? मारलेला नाही. पण पंचवीस वर्षं बघतोय.

६ फेब्रुवारी
टीमची निवड आमच्याच मैदानावर होणार. पहिल्या चौघींना पुढच्या वर्षीची फी आणि हॉस्टेल माफ. पाचवी आली तर लेकीचं कॉलेज सुटलंच. सध्या ती सहावी. पण मी आहे.

२० फेब्रुवारी, पहाटे पाच
ग्रीनवरचा, म्हणजे शेवटच्या गुळगुळीत हिरवळीवरचा, होल रोज नव्या जागी कापायचा, हे काम माझं. जागा मात्र कमिटी ठरवते. आजच्या कागदावर अठराव्या ग्रीनचा होल उजव्या अंगाला. लेकीचा बॉल डावीकडे वळतो. तिथे पोरीचा निभाव कसा लागायचा? नऊ पावलं डावीकडे कापला. कमिटीचे साहेब कागद घेऊन हिंडतात, पावलं मोजत नाहीत.
देवाला आधी सांगितलं होतं. तो काही बोलला नाही. हरकत नसावी.

२० फेब्रुवारी, दुपार
लेक तिसरी आली! गवत कापायच्या मशिनांच्या शेडमागे मला शोधत आली आणि गळ्यात पडली. शाळेत असताना पडायची तशी. म्हणाली, बाबा, आज सगळं जमलं हो, सगळं! मला राहवेना. म्हटलं, जमणारच, होल कापलाय कुणी? मग सगळं सांगून टाकलं. वाटलं, हसेल.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ
ती तडक कमिटीच्या ऑफिसात गेली, झालेलं सांगितलं आणि स्वतःचं स्कोअरकार्ड मागे घेतलं. मी दारात. टीमचे सर म्हणाले, पोरी, यात तुझा काय दोष? ती म्हणाली, सर, घरातलाच आहे.
हेडमाळ्याने होल कापायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. म्हणाला, बुवा, देवधर्म करता आणि हे धंदे? उद्यापासून पालापाचोळा गोळा करायचा. तात्पुरतं असेल. लेकीचा रागही आठवड्याभरात उतरेल. पुढच्या निवडीला आणखी नीट तयारी करून घेऊ.

४ मे
वर्ष संपलं. हॉस्टेलची खोली रिकामी करायला गेलो. एक पेटी, वह्यांचा गठ्ठा, खिडकीवर वाळत घातलेला एक मोजा. वह्या बांधता बांधता मी म्हटलं, घरी बसून पेपर सोडव, मनगटाचं मी बघतो, पुढच्या वर्षी बघ कशी पहिली येतेस.
लेक पलंगावरची चादर काढत होती. मान वर न करता म्हणाली, बाबा, अठराव्याला माझा बॉल वळलाच नाही. सरळ गेला. दोन महिने रोज सकाळी तेच घोटत होते. होल उजवीकडे असता तरी मी पोचले असते.
मी चादरीचं दुसरं टोक धरलं.
तिने ते माझ्या हातातून हळूच सोडवून घेतलं आणि एकटीनेच घडी घातली.